माकुलाचा वेग

सॅव्हिओ पुन्हा मेला.

"परत?" निखिलने विचारलं.

"परत," सॅव्हिओ म्हणाला आणि त्याने हेडफोन काढून टेबलावर आपटला.

स्क्रीनवर बांबूला टांगलेला सुका बोंबील वाऱ्यावर डुलत होता. आमच्या गेममध्ये खेळाडू मेला की हेच चित्र येतं. एरवी त्यावर ऑफिसात हशा पिकतो. त्या सकाळी कुणी हसलं नाही, कारण सॅव्हिओ या जागी मरत नसे. स्टुडिओ त्याचा, गेम त्याच्या डोक्यातून निघालेला, आणि ऑफिसात त्याच्यासारखा खेळाडू दुसरा नाही. तिसरा बॉस, म्हणजे तिसऱ्या टप्प्याच्या शेवटचा बडा शत्रू, हा माकूल, ज्याला हॉटेलात स्क्विड म्हणतात. त्याला तो गप्पा मारता मारता लोळवायचा. आज त्याच माकुलाने त्याला लागोपाठ वाळत घातला होता, आणि दुपारी मुग्धा दामले येणार होत्या.

मी या स्टुडिओत QA आहे, म्हणजे टेस्टर. पूर्वी मी बँकांची सॉफ्टवेअर तपासायचे, आता गेम तपासते. काम तेच. दुसऱ्याने जीव ओतून केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. घरी नायगावला सासूबाई अजून शेजारणींना सांगतात की वैशाली "कॉम्प्युटरमध्ये" आहे. दिवसभर बोंबील वाचवते असं सांगायची त्यांना लाज वाटते, आणि मला त्यांचं पटतं.

गेमचं नाव 'ओला बोंबील'. दिसायला जुन्या काळच्या व्हिडिओ गेमसारखा, मोठमोठे चौकोनी ठिपके, टिंगटिंग संगीत. एक ताजा बोंबील कोळ्याच्या जाळ्यातून निसटतो आणि समुद्रात परत जायला बघतो. वाटेत खेकडे, कोलंब्या, बर्फाच्या लाद्या, सगळे त्याच्यावर गोळ्या झाडतात. या प्रकाराला बुलेट हेल म्हणतात. स्क्रीनभर गोळ्यांची रांगोळी पसरते आणि तुम्ही तिच्यातल्या फटींतून वाट काढायची. शिवाय हा रोगलाइट आहे. त्याचा अर्थ इतकाच की मेलात की पुन्हा पहिल्यापासून, आणि दर वेळी वाट थोडी वेगळी. आधी कमावलेलं थोडंफार सोबत राहतं, बाकी सगळं जातं.

मुग्धा दामले आमच्या पब्लिशरच्या प्रोड्युसर. पब्लिशर म्हणजे आमचा खर्च उचलणारी आणि गेम बाजारात नेणारी कंपनी. प्रोड्युसर म्हणजे त्या कंपनीची अशी व्यक्ती, जिच्या एका मेलवर आमचं काम चालू राहतं किंवा बंद पडतं. त्यांनी आधीच कळवलं होतं की डेमो त्या स्वतः, स्वतःच्या लॅपटॉपवर खेळणार. साधारण खेळणाऱ्याला माकुलाच्या पुढे जाता आलं तर पुढचं काम, नाही तर गेम इथेच थांबवायचा. सॅव्हिओचे आधीचे दोन गेम असेच अर्ध्यावर थांबले होते. हाही गेला तर स्टुडिओला कुलूप लावून माझगावला भावाच्या शिपिंगच्या ऑफिसात जाऊन बसेन, असं तो हसत हसत सांगायचा. ते हसणं खोटं होतं हे मला आणि निखिलला कळायचं.

हे सगळं उघडकीला आलं ते निखिलमुळे. निखिल परब आमचा प्रोग्रॅमर, ऑफिस आहे त्या लालबागचाच, घर ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्याच्या बहिणीने नवा कोरा गेमिंग लॅपटॉप घेतला होता. तो त्याने त्या दिवशी मिरवायला म्हणून आणला आणि सहज आमचा गेम त्यावर टाकला. आमच्या ऑफिसातली सगळी मशीन एका बंद पडलेल्या कॉल सेंटरमधून एकगठ्ठा आणलेली, एकाच वयाची, एकाच कुवतीची. टेस्टिंगसाठी एक तरी वेगळं मशीन द्या, असं मी कितीदा म्हटलं होतं. सॅव्हिओचं उत्तर ठरलेलं, "जुन्यावर चालला तर नव्यावर उडेल ना गं!"

उडालाच. सॅव्हिओ सकाळपासून मरत होता तो याच नव्या लॅपटॉपवर.

"रँडम आहे रे," सॅव्हिओ म्हणाला. "खराब नशीब. गोळ्यांचं पॅटर्नच बेकार आलंय."

शंका रास्त होती. रोगलाइटमध्ये प्रत्येक खेळी मशीन फासे टाकल्यासारखी जुळवतं. पण ती ज्या आकड्यावरून जुळवली जाते, तो सीड, आपल्याला हाताने देता येतो. एकच सीड दिला की दोन मशीनवर हुबेहूब तीच खेळी मिळते. मी जुन्या मशीनवर आणि नव्या लॅपटॉपवर एकच सीड घातला. सॅव्हिओ जुन्यावर बसला आणि माकुलाला आरामात हरवून उठला. मग नव्यावर बसला. खेकडे तेच, बर्फ तोच, माकूलही तोच. बोंबील सुकला.

"कीबोर्ड," निखिल म्हणाला. "लॅपटॉपची बटणं चपटी असतात. बोटांना सवय नाही."

आम्ही सॅव्हिओचा जुना कीबोर्ड काढून लॅपटॉपला जोडला. काही फरक पडला नाही.

"मग माझे हातच कापतायत आज," सॅव्हिओ म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "तू खेळ निखिल."

निखिल खेळला. माकुलाने आठही हात पसरले आणि तो ओरडला, "मेलंय!" खरंच मेला होता. मला विचारायचं कारण नव्हतं, मी दोन्हीकडे मरते. पैसे मला खेळायचे मिळत नाहीत, शंका घ्यायचे मिळतात.

तेवढ्यात खाली मिरची कांडप सुरू झालं. आमचा गाळा एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आहे आणि बरोबर खाली मसाला कुटायचं मशीन. मिरची सुरू झाली की खिडक्या लावून घ्यायच्या आणि पदर, रुमाल, जे असेल ते नाकाला. निखिल शिंकत खिडक्या लावायला धावला. मी दोन्ही मशीनवर एकामागून एक लावलेलं सॅव्हिओच्या खेळीचं रेकॉर्डिंग त्या गडबडीत चालूच राहिलं होतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलेलं, म्हणून मी ते मिटून बसले आणि नुसतं ऐकत राहिले.

माकुलाच्या वेळी एक ठरावीक धून वाजते. जुन्या मशीनवर माकुलाचा मोठा मारा सुरू झाला, धून पूर्ण फिरली, दुसऱ्यांदा सुरू झाली, आणि मग मारा संपल्याची किंकाळी आली. लॅपटॉपवर, बोंबील मरण्याआधीच्या माऱ्यात, धून अर्ध्यावर असतानाच किंकाळी.

"परत लाव," मी म्हटलं.

"काय झालं?"

"परत लाव रे. स्क्रीनकडे बघू नका. गाणं ऐका."

दोघांनी ऐकलं. निखिलला आधी कळलं. तो उठून जुन्या मशीनजवळ गेला आणि त्याने कोपऱ्यात एक आकडा दिसायची सोय केली. गेम म्हणजे वहीच्या कोपऱ्यावर चित्रं काढून पानं फरफर उलटावीत तसा असतो. सेकंदाला साठ चित्रं दिसली की हालचाल बरोबर दिसते. तो आकडा साठवर होता. माकुलाने हात पसरले, स्क्रीन गोळ्यांनी भरली, आणि आकडा घसरत घसरत निम्म्यावर आला.

"इतक्या गोळ्या काढायला ह्या मशीनला जमतच नाय," निखिल म्हणाला. "पानं हळू उलटतंय. मग सगळंच हळू होतं. गोळ्या, माकूल, बोंबील. गाणं तेवढं वेगळं चालतं म्हणून ते हळू होत नाही."

"आणि नव्यावर?"

"नव्यावर साठचे साठ. तोच खरा वेग."

म्हणजे वर्षभर आम्ही दमेकरी माकुलाशी लढत होतो. त्याच्या निम्म्या वेगावर सॅव्हिओने प्रत्येक गोळी, प्रत्येक फट आपल्या हाताने बेतली होती. आणि त्याची ती प्रसिद्ध बोटं त्या निम्म्या वेगावर तयार झाली होती. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये असली चूक कधी झाली नसती, कारण तिथे कुणाला आपण तरबेज आहोत असं वाटत नाही. इथे सगळ्यांना वाटत होतं, म्हणून मशीनवर कुणाचा संशय गेलाच नाही.

सॅव्हिओ त्या घसरणाऱ्या आकड्याकडे बघत राहिला. मला त्याची दया आली, पण दयेला वेळ नव्हता.

"गोळ्या कमी करू," मी म्हटलं.

"नाही."

"अरे, निम्म्या केल्या तर..."

"गेमचा ट्रेलर बघून मुग्धाबाईंनी आपल्याला घेतलं, वैशाली. ती सगळी रांगोळी बघून. तीच पुसली तर त्या बघायला काय येतायत, माझं तोंड?"

"गोळ्यांचा वेग कमी करूया," निखिल म्हणाला.

"मग सुरुवातीचा माकूल पण ढिला पडेल. गोळ्या कमी असताना तो फास्टच पाहिजे. पुन्हा सगळं बेतायला लागेल. कधी? आत्ता?"

तेही खरंच होतं. मी जुन्या मशीनकडे बघितलं. ते बिचारं आपल्या परीने बरोबर काम करत होतं. गोळ्या थोड्या असल्या की पूर्ण वेग, गर्दी झाली की दम लागायचा.

"मग त्याचंच बघून करायचं," मी म्हटलं. "गोळ्या वाढतील तसा सगळ्याचा वेग उतरवायचा. आपण. मुद्दाम. बोंबलासकट."

"म्हणजे नव्या मशीनला जबरदस्तीने म्हातारं करायचं?" सॅव्हिओने विचारलं.

"जुन्या गेम पार्लरच्या मशीनना पण असा दम लागायचा ना? तूच सांगतोस, पोरं त्यावरच पुढे जायची."

"ते आपोआप होत होतं. ही चीटिंग आहे."

"मग माझगावला फोन कर आणि खुर्ची पुसून ठेवायला सांग."

हे मी बोलायला नको होतं. पण बोलले, आणि त्याने निखिलकडे बघून मान डोलावली.

आता माझ्या धंद्यातला एक नियम. डेमोच्या दिवशी कोडला हात लावायचा नाही. चालू असलेल्या गोष्टीत शेवटच्या क्षणी एक ओळ बदलली की तिसरीकडेच काहीतरी मोडतं. हा नियम ऑफिसच्या फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेला आहे. त्या फळ्याखाली बसून निखिल कोड बदलत होता आणि मी त्याला "लवकर" म्हणत होते.

मुग्धाबाईंचा फोन आला. दादरची मीटिंग लवकर संपली, निघतेय.

निखिलने पहिलं बिल्ड दिलं. बिल्ड म्हणजे कोडपासून बनवलेला, खेळता येईल असा गेम. सॅव्हिओ लॅपटॉपवर माकुलापर्यंत गेला. हात पसरले, स्क्रीन भरली, आणि बोंबील गोगलगाईसारखा सरपटायला लागला. एकटा बोंबील. गोळ्या होत्या त्याच वेगाने आल्या.

"उलटं झालं! गोळ्या राहिल्या!" निखिलने स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"बाई लिफ्टकडे येतायत," सॅव्हिओ खिडकीतून डोकावून म्हणाला. "मी बघतो त्यांना." त्याने चेहऱ्यावर हसू चढवलं आणि दार ओढून घेतलं. बाहेरून त्याचा आवाज येत होता. तो बाईंना इस्टेटीचा इतिहास सांगत होता. त्याला तो माहीत नाही.

निखिलची बोटं चालत होती. दुसरं बिल्ड झालं. मी स्वतः बसले, कारण दुसरं कुणी नव्हतं. अजिबात मरायचं नाही अशी एक चोरवाट टेस्टरकडे असते, तिने मी थेट माकुलापर्यंत गेले. गर्दी वाढली तसं सगळं मिळून मंदावलं, कमी झाली तसं पूर्ववत. धून पूर्ण फिरली, दुसऱ्यांदा सुरू झाली, मग किंकाळी. जुन्या मशीनसारखंच. पण पहिले दोन बॉस मी पुन्हा तपासले नव्हते. बाकीचं काहीच तपासलं नव्हतं.

दार उघडलं. "वैशाली, बिल्ड रेडी आहे ना?" सॅव्हिओने हसऱ्या चेहऱ्याने विचारलं. डोळे हसत नव्हते.

माझ्या नोकरीत मी न तपासलेल्या बिल्डला कधी हो म्हटलं नव्हतं.

"रेडी आहे," मी म्हटलं.

मुग्धाबाई चाळिशीच्या, शांत, पुण्याकडच्या. चहा नको म्हणाल्या, त्यांच्या लॅपटॉपवर बिल्ड टाकून घेतलं आणि खेळायला बसल्या. खेकड्यापाशी मेल्या. "अच्छा," म्हणाल्या आणि पुन्हा सुरू. दुसऱ्या वेळी बर्फापर्यंत गेल्या. तिसऱ्या वेळी माकूल आला. त्याने हात पसरले आणि बाई लगेच उडाल्या. चित्रातला बोंबील डुलू लागला. सॅव्हिओ भिंतीला टेकून उभा होता. निखिल जमिनीकडे बघत होता.

"आणखी एकदा खेळते," त्या म्हणाल्या.

रोगलाइट असल्यामुळे पुन्हा खेकडा, पुन्हा बर्फ. माझ्या मनात एकच, मध्येच काही अडकू नये, बंद पडू नये. पडलं नाही. माकूल आला. हात पसरले, सगळं मंदावलं, आणि बाई खुर्चीत पुढे सरकल्या. बोंबील एका फटीतून गेला, दुसऱ्या, मग अशा एका फटीतून की मला वाटलं संपलं. एकच जीव उरलेला. किंकाळी आली, पण या वेळी ती माकुलाच्या मरणाची होती.

बाई हसल्या. सॅव्हिओने डोळे मिटले.

"मस्त," त्या म्हणाल्या. "फक्त एक. तिसऱ्या बॉसला तुमचा गेम लॅग होतो. अडकत अडकत चालतो. माझा लॅपटॉप नवा आहे, म्हणजे दोष तुमच्याकडे आहे. तेवढं काढून टाका, मग मी वर हो सांगते."

लॅग म्हणजे मशीन मागे पडणं. ते काढलं की माकूल कुणालाच हरवता येणार नव्हता. ते ठेवलं तर बाई हो म्हणणार नव्हत्या. सॅव्हिओ माझ्याकडे बघून मान हलवत होता, गप्प राहा म्हणून. करतो म्हणून सांगायचं, पुढचं पुढे. पण पुढे काय होणार ते मला दिसत होतं. पुढच्या बिल्डला त्या स्वतःच वाळत घातल्या गेल्या असत्या.

"तो लॅग नाही," मी म्हटलं. "आम्ही घातलाय. आज सकाळी." आणि सगळं सांगून टाकलं. कॉल सेंटरची मशीन, गाणं, निम्मा आकडा.

"म्हणजे काढता येईल," बाई म्हणाल्या. "काढून दाखवा."

निखिलने बदलाआधीचं जुनं बिल्ड लावलं आणि त्यांना थेट माकुलासमोर सोडलं. त्या मेल्या. पुन्हा सोडलं. मेल्या. मग त्यांनी कीबोर्ड सॅव्हिओकडे सरकवला.

"तुम्ही डिझायनर. तुम्हाला जमतो का हा?"

सॅव्हिओने कीबोर्डला हात लावला नाही.

"नाही जमत, मॅडम," तो म्हणाला. "वर्षभर वाटत होतं जमतो. मी सगळ्यांना शिकवत होतो. मला येतच नव्हता."

त्याच्या तोंडून हे ऐकताना मला वाईट वाटलं. असं कबूल करण्यापेक्षा तो दहा वेळा मेला असता तर त्याला चाललं असतं.

बाईंनी कीबोर्ड परत आपल्याकडे ओढला. "मग ते काढू नका," त्या म्हणाल्या. "त्या हळू झालेल्या भागातच खरी मजा आली मला. पण आत्ता ते चोरून केल्यासारखं दिसतं. खेळणाऱ्याला वाटतं आपलं मशीन बिघडलं. त्याला कळलं पाहिजे की हे माकुलाचं काम आहे."

"शाई," सॅव्हिओ म्हणाला.

"काय?"

"माकूल शाई सोडतो ना, मॅडम. गोळ्या वाढल्या की पाणी काळंनिळं करायचं. आवाज पाण्याखालून आल्यासारखा. शाईत सगळेच हळू होतात. तो पण, बोंबील पण." तो आता भिंतीपासून सुटला होता आणि हाताने हवेत शाई पसरून दाखवत होता.

बाईंनी लॅपटॉप बंद केला. "नवं बिल्ड कधी पाठवताय?"

एवढंच. त्यांच्या धंद्यात होकार असाच येतो. त्या लिफ्टने खाली गेल्या आणि निखिल खुर्चीत बसल्या बसल्या रडला. मी फळ्यावरचा माझा नियम तसाच ठेवला आहे, तो अजूनही बरोबर आहे.

गेम बाजारात आला. लोकांना सगळ्यात जास्त आवडली ती शाई. शाई सुटली की जीव भांड्यात पडतो, असं कुणीकुणी लिहितं. इतकी सुंदर कल्पना सुचली कशी, असंही विचारतात. सॅव्हिओ त्यांना खरं उत्तर देतो, आणि त्यांना ते खोटं वाटतं.

शाई नसलेला, पूर्ण वेगाचा माकूल निखिलने ऑफिसच्या बिल्डमध्ये तेवढा ठेवला आहे. सॅव्हिओ रोज डबा खाऊन झाला की त्याच्यासमोर बसतो. आता तो गप्पा मारत नाही. मी QA म्हणून शिकले ते इतकंच, की आपल्याला एखादी गोष्ट येते असं जिथे नक्की वाटतं, तिथे मशीन बदलून बघावं. सॅव्हिओ अजून एकदाही जिंकलेला नाही, आणि कुणी बघायला आलं तर तो खुर्ची सरकवून स्क्रीनवरचा सुका बोंबील दाखवतो.